अनुभव धागा: कधी न ऐकलेली जॅझची धून ओळखीची का वाटते?

हा धागा मराठवाड्यात वाजवणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या मंडळींसाठी आहे. धूनचं नाव माहीत नसतं, वादक माहीत नसतो, तरी दुसऱ्या ओळीला मान डोलते आणि ‘हे कुठंतरी ऐकलंय’ असं वाटतं. ते का वाटतं आणि घरबसल्या कसं पडताळायचं, एवढंच लिहावं. जॅझ पहिल्यांदा कधी कानावर पडलं या आठवणी इथं नकोत. स्वर आपल्या नावांनी लिहा, पट्टी पेटीवरची सांगा.

गिटार-कीबोर्डचे क्लास, छत्रपती संभाजीनगर

मूळ कारण आधी सांगून टाकतो. चाल नवी असते, पण तिच्या खालची कॉर्डची (एकदम वाजवलेल्या तीन-चार स्वरांच्या गटांची) बैठक जुनीच असते. भजनात चाल तीच ठेवून तिच्यावर नवा अभंग बसवतात. जॅझवाल्यांनी उलटं केलं: कॉर्ड तशाच ठेवल्या आणि वर चालच नवी बांधली. अशा धूनला ते काँट्राफॅक्ट म्हणतात. यात व्यवहारही होता. अमेरिकेत मालकी हक्क चालीला आणि शब्दांना मिळतो, नुसत्या कॉर्डच्या क्रमाला मिळत नाही. जुनं गाणं जसंच्या तसं रेकॉर्ड केलं तर रॉयल्टी मूळ संगीतकाराकडे जाते. नवी चाल बांधली की ती आपल्या नावावर.

याचा कानांनी ऐकता येणारा पुरावा आहे. १९४५ साली सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या ‘को-को’चं रेकॉर्डिंग झालं, त्याचा अर्धवट राहिलेला पहिला टेक उपलब्ध आहे. त्यात मंडळी ‘चेरोकी’ या १९३८च्या गाण्याची चाल वाजवायला घेतात आणि मध्येच थांबवली जातात. पुढच्या टेकमध्ये कॉर्ड ‘चेरोकी’च्याच आहेत, चाल मात्र गायब.

सगळ्यात जास्त वापरलेला सांगाडा म्हणजे जॉर्ज गर्शविनच्या १९३०च्या ‘आय गॉट रिदम’चा. याला ‘रिदम चेंजेस’ म्हणतात. काळी पाचला सा धरा. मुखड्यात डाव्या हाताने सा, ध, रे, प या स्वरांवरच्या कॉर्ड दोन-दोन मात्रा, हेच पुन्हा एकदा. पाचव्या-सहाव्या बारात (एक बार म्हणजे चार मात्रा) म कडे झुकायचं आणि सातव्या-आठव्यात परत सा वर यायचं. मुखडा दोनदा झाला की अंतरा: ग, ध, रे, प, प्रत्येकी आठ मात्रा, चारही कॉर्ड सेव्हन्थ, म्हणजे त्या-त्या मूळ स्वरापासूनचा कोमल नी वर जोडलेल्या. मग पुन्हा मुखडा. मूळ गाण्याच्या शेवटी दोन बार जादा आहेत, जॅझवाले ते सोडून देतात म्हणून ३२ बार उरतात.

एवढं हातात बसलं की ‘लेस्टर लीप्स इन’ (१९३९), ‘कॉटन टेल’ (१९४०), ‘अँथ्रोपॉलॉजी’, ‘ओलिओ’ (१९५४) या सगळ्या धून एकाच घरच्या आहेत हे कळतं. कार्टून नेटवर्कवर ‘फ्लिंटस्टोन्स’ बघत मोठ्या झालेल्या पोरांना जॅझ ओळखीचं वाटतं त्याचंही हेच कारण: त्याच्या शीर्षकगीताचा अंतरा ग-ध-रे-पच आहे.

पडताळणी अशी. धून सुरू झाल्यावर चालीकडे लक्ष देऊ नका, सोलो (एकेका वादकाची उत्स्फूर्त बढत) सुरू होऊ द्या. सोलोचं नवं आवर्तन जिथं सुरू होतं तिथून संशय असलेलं जुनं गाणं त्यावर गुणगुणायला लागा. अंतऱ्यापर्यंत कुठं टोचलं नाही तर सांगाडा तोच. पहिल्या सरावाला ‘हाऊ हाय द मून’ (१९४०) आणि ‘ऑर्निथॉलॉजी’ (१९४६) ही जोडी घ्यावी, कारण दोन्ही सहसा पांढरी पाचमध्येच वाजवतात. खूणही ढळढळीत आहे. दोन बार सा मेजर (शुद्ध ग ची कॉर्ड), तिसऱ्या बारात तोच सा मायनर (कोमल ग ची) होतो आणि पाचव्या बाराला गाणं कोमल नी वर जाऊन बसतं. कॉर्डचा तोच खेळ पुन्हा करून नवव्या बाराला ते कोमल ध वर उतरतं. ‘डॉना ली’ मात्र नवख्याला फसवते. तिची बैठक १९१७च्या ‘इंडियाना’ची, पण ती वाजवतात काळी चारमध्ये, आणि ‘इंडियाना’ बरेच जण पांढरी चारमध्ये. पट्टी बदलून घेतल्याशिवाय दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत.

तबला, नांदेड

सरांनी ३२ बार लिहिले, ते तबलजीच्या हिशेबात सांगतो. एक बार चार मात्रांचा, म्हणजे ३२ बार १२८ मात्रा. तीनतालाची बरोबर ८ आवर्तनं. पहिली दोन मुखडा, तिसरं-चौथं पुन्हा मुखडा, पाचवं-सहावं अंतरा, शेवटची दोन परत मुखडा. पाचव्या आवर्तनाच्या समेला रंग बदलला तर रचना ही आहे असं बिनधास्त समजा.

ओळखीचं वाटायचं एक साधं कारण यातच आहे. १२० च्या लयीत ३२ बार ६४ सेकंदांत संपतात, २४० च्या लयीत ३२ सेकंदांत. म्हणजे धून कितीही नवी असो, पहिल्या एक-दीड मिनिटात मुखडा तुम्ही तीनदा तरी ऐकलेला असतो, आणि जलद धूनमध्ये तर त्याचा सांगाडा त्याहून कितीतरी वेळा. आधी ऐकल्यासारखं वाटतं ते खरंच आहे, पण ते आत्ताच ऐकलेलं असतं.

ब्लूज १२ बारचा, ४८ मात्रा, तीन आवर्तनं. यात तर मजाच आहे. पहिली सम सा वर, दुसरी सम म वर, तिसरी प वर. (जॅझमध्ये तिसरी बऱ्याचदा रे वर येते आणि प पुढच्या बारात.) दुसऱ्या समेला म लागला की हात वर करून ‘ब्लूज’ म्हणायला हरकत नाही. निम्मं अनोळखी जॅझ इथंच ओळखीचं होतं.

आपले लोक चुकतात ते टाळीत. जॅझचा ड्रमर पायातली हाय-हॅट (झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटवतो. आपला कान त्या ठोक्याला सम धरतो आणि सगळा हिशेब एका मात्रेनं सरकतो. मग अंतरा ‘चुकीच्या’ जागी आला असं वाटतं. दुसरी अडचण उचलीची. चाल बऱ्याचदा समेच्या आधीच सुरू होते. ‘ऑटम लीव्हज्’चे पहिले तीन स्वर समेच्या अलीकडचे आहेत, सम चौथ्या स्वरावर. चालीवरून मोजाल तर घसराल, बेसवरून मोजा. बेस चारही मात्रा सरळ चालतो.

ब्रास बँड, लातूर

ट्रंपेटवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. आपला ट्रंपेट, क्लॅरिनेट, टेनर सॅक्स काळी पाचचे. कागदावर पांढरी एकचा सा वाजवला की आवाज काळी पाचचा निघतो. ऑल्टो सॅक्स काळी दोनचा. म्हणून जॅझच्या धून काळी पाच, काळी दोन, पांढरी चार अशा पट्ट्यांत जास्त सापडतात, वाजवणाऱ्याला सोप्या पडतात. लग्नाच्या बँडमध्येही हीच वाद्यं, म्हणून त्याच पट्ट्या हाताला सोयीच्या. ट्रंपेटवर मोकळ्या हवेत, एकही बटण न दाबता जे स्वर निघतात तेच दोन्हीकडं सारखे घुमायलेत. काही धून निव्वळ या आवाजामुळं ओळखीच्या वाटायलेत, चालीचा संबंध नाही.

कॅसिओवर ताळा बघताना ऑल्टोवाल्याला कागदावरचा सूर विचारू नका. तो ‘पांढरी पाच’ म्हणंल तेव्हा खरी पट्टी काळी पाच असती.

रेकॉर्डिंग स्टुडिओ, परभणी

मोबाईलच्या स्पीकरवर हे काहीच करता येणार नाही. डबल बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, आणि मोबाईलचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका. सांगाडा बेसमध्ये असतो आणि नेमका तोच ऐकू येत नाही. कानात बसणारे हेडफोन घ्या.

ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ट्रॅक उघडा, लो-पास फिल्टर २५० हर्ट्झला लावा. ट्रंपेट-सॅक्स मागं जातात, बेसची वाटचाल मोकळी होते. मग ‘चेंज टेम्पो’ने वेग ३० टक्के कमी करा. ‘चेंज स्पीड’ वापरू नका, त्यात पट्टीही उतरते. आता प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेचा स्वर पेटीवर शोधून लिहा. ८ बार पुरे झाले, सगळं गाणं लिहायची गरज पडत नाही.

गाणं ओळखणाऱ्या ॲपवर विसंबू नका. शाझम त्या ठराविक रेकॉर्डिंगचा ठसा जुळवतं. गुणगुणून शोधायची सोय चाल जुळवते. कॉर्डचा सांगाडा दोघांच्याही हिशेबात नाही, त्यामुळे ‘ओलिओ’ ऐकवून ‘आय गॉट रिदम’ कधी मिळणार नाही.

पेटी लागत नसेल तर आधी रेकॉर्डवर संशय घ्या. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या तबकडीची पहिली बाजू कित्येक वर्षं किंचित चढी निघत होती, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं यंत्र हळू चाललं होतं. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. वेगात सहा टक्के फरक म्हणजे जवळपास एक पूर्ण पट्टी (अर्धा सूर), त्यामुळे एक-दीड टक्काही कानाला टोचतो.

पेटी आणि गायन, अंबाजोगाई

आपल्याकडे ऐकणाऱ्याला जॅझ ओळखीचं वाटतं त्याला रागांचाही हातभार आहे, पण इथं जरा सावध राहावं. ‘काइंड ऑफ ब्लू’तल्याच ‘सो व्हॉट’मध्ये पांढरी दोनला सा धरून पांढऱ्या पट्ट्याच वाजवा, काफी थाट मिळतो. १६ बार तिथं, मग ८ बार सगळं अर्ध्या सुराने वर काळी दोनला, आणि शेवटचे ८ परत खाली. ‘इम्प्रेशन्स’ या जॉन कोल्ट्रेनच्या धूनचा आराखडाही हाच. जॅझवाले सर्रास वापरतात असा एक तयार तुकडा आहे, त्याला ‘द लिक’च म्हणतात: सा रे ग म रे नी सा, ग-नी कोमल, नी मंद्रातला. काफीतली ठुमरी ऐकलेल्या कानाला तो परका वाटण्याचं कारण नाही.

ब्लूजला बरेच जण जोग म्हणतात. दोन्ही गंधार आणि कोमल निषाद, इथवर ठीक. पण ब्लूजचा गंधार बऱ्याचदा दोन्हींच्या मधला, ओढून घेतलेला असतो. तो पेटीवर नाहीच. पेटीवर दोन्ही ग एकदम दाबून तो भास होतो, पण गळ्यातून किंवा सारंगीवर जास्त जवळ जाता येतं. जोगमध्ये तीव्र मध्यम नाही, ब्लूजमध्ये तो जाता-येता लागतो.

‘कॅरॅव्हॅन’ (१९३६) आणखी गमतीचं. मुखड्याच्या १६ बारपैकी १२ बार एकाच कॉर्डवर. आपला कान त्या कॉर्डलाच सा समजतो, आणि खालचे स्वर वसंत मुखारीचे वाटतात: रे, ध, नी कोमल. तेराव्या बाराला कळतं की खरा षड्ज मध्यमावर होता. तानपुरा लावून ऐकलं तर हा धक्का दुप्पट बसतो. जॅझ तपासताना तानपुरा बंदच ठेवा.

जुन्या तबकड्यांचे संग्राहक, जालना

हिंदी सिनेमाची वाट कुणीच धरली नाही म्हणून लिहितो. १९३५च्या सुमारास मुंबईच्या ताज हॉटेलात लिऑन ॲबीचा अमेरिकी बँड आला. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारी गोव्याची मंडळीच दिवसा स्टुडिओत बसायची. सी. रामचंद्र आपल्याला अगदी शेजारचे, गोदाकाठच्या पुणतांब्याचे. त्यांच्या ‘अलबेला’त (१९५१) ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसूझा वाद्यमेळ बांधायचे. म्हणून ओळख शोधायची तर गाण्याच्या मुखड्यात शोधू नये. सुरुवातीची आठ-सोळा मात्रांची धून आणि दोन कडव्यांमधलं संगीत तेवढं ऐकावं. तोंडाला म्यूट (आवाज दाबणारं झाकण) लावलेला ट्रंपेट, क्लॅरिनेटची घसरत वर जाणारी तान हे तिथंच भेटतं. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) सतारवादक रईस खाँ यांच्यासह आहे, ती वरच्या अंबाजोगाईच्या पोस्टबरोबर ऐकावी.

आणि काही वेळा ओळखीचं वाटतं कारण ते खरंच दुसऱ्या गाण्यातून उचललेलं असतं! सोलोत इतर गाण्यांचे तुकडे पेरणं हा जॅझचा जुना खोडसाळपणा. गायिका एला फिट्झेराल्डने १९६० साली बर्लिनमध्ये ‘हाऊ हाय द मून’ गाताना वरची ‘ऑर्निथॉलॉजी’ आणि आणखी कितीतरी गाणी एकामागून एक आत घातली आहेत.

बीडहून प्रश्न

सर, अंतरा ग-ध-रे-प असायला हवा, पण एका रेकॉर्डवर बेस ग वरून सरळ पायरी-पायरीने सा पर्यंत उतरायलाय. बाकी सगळं जुळायलंय. मग हा सांगाडा वेगळा धरायचा का?

संभाजीनगर

नाही, तोच. ग, कोमल ग, रे, कोमल रे आणि मग सा, असं उतरत असेल. ध च्या जागी कोमल ग ची सेव्हन्थ आणि प च्या जागी कोमल रे ची सेव्हन्थ घेतली आहे. पेटीवर करून बघा: प च्या सेव्हन्थमध्ये शुद्ध नी आणि म असतात. कोमल रे च्या सेव्हन्थमध्येही तेच दोन. कॉर्डचा ओढा या दोन स्वरांत आहे, म्हणून खालचा पाया बदलला तरी कान सा कडेच जातो. डाव्या हाताने नी-म धरून ठेवा आणि बेसला एकदा प, एकदा कोमल रे दाबा. तुमच्या रेकॉर्डवर सोलोच्या पुढच्या आवर्तनांत बेसवाला मधूनच परत ग-ध-रे-प वर येतो का तेवढं तपासा, बहुतेक येत असेल.