पॅटी स्मिथ : गाण्याबरोबर पुस्तके, की पुस्तकांबरोबर गाणे?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे पुण्यातील एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो आणि आमच्या मराठी गाण्यांचे शब्दही बहुतेक मीच लिहितो. त्याखेरीज कथा लिहितो. त्यांतील दोन दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत. मागच्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर एका ज्येष्ठ परिचितांनी मला बाजूला घेऊन, अगदी आपुलकीने, सांगितले की दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस. वाजवायचे तर वाजव, लिहायचे तर लिही. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. घरी परतताना मात्र अमेरिकी रॉक गायिका पॅटी स्मिथ यांचे नाव मनात आले.

त्यांचा 'हॉर्सेस' हा पहिला अल्बम १९७५ चा आहे आणि 'जस्ट किड्स' हे आत्मकथन २०१० चे आहे. या दोहोंमध्ये पस्तीस वर्षे जातात. माझा प्रश्न असा की, त्यांचे लेखन हे गायिका म्हणून मिळालेल्या नावावर उतारवयात उघडलेले दुसरे दालन मानावे, की ते आधीपासूनच चालू होते? आणि चालू असेल, तर मधल्या काळात, जेव्हा त्या जवळजवळ गायब होत्या, तेव्हा नेमके काय घडत होते? मी इंग्रजी पुस्तके सावकाश वाचतो, म्हणून ज्यांनी त्यांचे बरेच काही वाचले आणि ऐकले आहे त्यांचे मत हवे आहे.

जुनी तबकडी

आपल्या प्रश्नातला क्रमच उलटा आहे, असे मला वाटते. पॅटी स्मिथ १९६७ मध्ये न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला आल्या त्या कवी होण्यासाठी. गायिका होण्याचा विचार तेव्हा त्यांच्या मनात नव्हता. पोटासाठी त्यांनी स्क्रिब्नर्स या पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली. १० फेब्रुवारी १९७१ रोजी सेंट मार्क्स चर्चमध्ये त्यांनी कवितावाचन केले, तेव्हा सोबतीला लेनी के यांना इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसवले. लेनी के स्वतः संगीतावर लिहिणारे, तबकड्यांच्या दुकानात काम करणारे गृहस्थ होते. ड्रम नव्हते, बास नव्हता. शेवटच्या कवितेत मोटार आदळण्याचा प्रसंग आहे, तर तो आवाज त्यांनी गिटारमधून काढला. कवितावाचनाला कंटाळलेल्या लोकांना जागे करणे एवढाच गिटारचा उद्देश होता. पुढे जो बँड उभा राहिला तो या एका संध्याकाळीतून, हळूहळू, एकेक वादक वाढत जाऊन.

१९७२ मध्ये त्यांचा 'सेव्हन्थ हेवन' हा छोटा कवितासंग्रह आला. त्याच सुमारास त्या 'रोलिंग स्टोन' आणि 'क्रीम' या नियतकालिकांत संगीतसमीक्षा लिहीत होत्या. नाटककार सॅम शेपर्ड यांच्याबरोबर १९७१ मध्ये एक नाटक लिहून झाले होते. ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडच्या १९७४ च्या अल्बमसाठी त्यांनी एका गाण्याचे शब्दही दिले होते. म्हणजे स्वतःचा अल्बम येण्याच्या आधीच कविता, समीक्षा, नाटक आणि दुसऱ्याच्या गाण्याचे शब्द असे चार प्रकारचे लेखन त्यांच्या नावावर जमा होते. एवढे काम गाठीशी घेऊन पहिला अल्बम करणारे रॉक संगीतकार थोडेच असतील.

'हॉर्सेस' ऐकतानाही हे लक्षात येते. पहिल्याच गाण्यात त्यांनी व्हॅन मॉरिसन यांचे साठच्या दशकातले 'ग्लोरिया' घेतले आहे आणि त्याच्या डोक्यावर स्वतःची आधीची कविता बसवली आहे. संथ पियानोवर ती कविता सुरू होते, वाढत जाते, आणि मूळ गाणे सापडेपर्यंत श्रोता वेगळ्याच ठिकाणी पोहोचलेला असतो. आपल्याकडे कीर्तनकार सर्वांना पाठ असलेला अभंग घेतात आणि निरूपण करत करत तो आपलासा करून सोडतात, त्या जातीचे हे काम आहे. (तुलना लंगडी आहे, कारण त्या कवितेतला सूर कोणत्याही कीर्तनात चालणार नाही.) त्या अल्बमचे निर्माते जॉन केल यांच्याशी ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांचे बरेच खटके उडाले. बाकी अल्बमवर मी इथे लिहीत बसत नाही, त्याला वेगळा धागा लागेल.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या वादकाला ठाऊक असावी. जानेवारी १९७७ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे गाता गाता त्या मंचावरून खाली काँक्रीटवर पडल्या आणि मानेच्या मणक्यांना गंभीर इजा झाली. कित्येक महिने कार्यक्रम बंद होते. त्या सक्तीच्या विश्रांतीत 'बॅबेल' या पुस्तकाचे काम झाले आणि ते १९७८ मध्ये आले. त्याच वर्षी 'बिकॉज द नाइट' गाजले. मौज अशी की, त्यांचे सर्वांत मोठे लोकप्रिय गाणे हे मुळात ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी अर्धवट सोडलेले होते. त्याची कॅसेट त्यांच्या हाती आली आणि पुढे त्यांचे पती झालेल्या फ्रेड स्मिथ यांच्या दूरध्वनीची वाट पाहत बसलेल्या असताना त्यांनी कडव्यांचे शब्द लिहिले. चाल दुसऱ्याची, कडव्यांचे शब्द त्यांचे. लोकप्रियतेतही कामाला आली ती लेखणीच.

मुठाकाठ

वरील माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यातून जो निष्कर्ष काढला जात आहे तो मला पूर्णपणे मान्य नाही. आधी लिहिले म्हणजे चांगले लिहिले असे होत नाही. सुरुवातीच्या त्यांच्या कविता मी कागदावर वाचल्या आहेत. त्यांतील अनेक कविता फ्रेंच कवी रॅंबोच्या प्रेमात इतक्या बुडालेल्या आहेत की कवयित्री स्वतः दिसेनाशी होते. त्याच ओळी त्यांच्या आवाजात ऐकल्या की उभ्या राहतात. याचा अर्थ गिटारने त्या कवितांना केवळ सोबत केली नाही, तर त्यांची उणीवही भरून काढली. गद्यात मात्र ही सोय नसते, आणि म्हणूनच चांगले गद्य यायला त्यांना इतकी वर्षे लागली असावीत.

लेनर्ड कोहेन यांचा मार्ग पाहा. पहिला कवितासंग्रह १९५६ मध्ये, दोन कादंबऱ्या १९६३ आणि १९६६ मध्ये, आणि पहिला अल्बम १९६७ च्या अखेरीस, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. ते लेखक म्हणून आधीच घडलेले होते. पुस्तकांवर पोट भरत नाही हे कळल्यावर गाण्याकडे वळले. बॉब डिलन यांचे उदाहरण याच्या अगदी विरुद्ध आहे: साठच्या दशकात लिहिलेले 'टॅरंट्युला' हे त्यांचे पुस्तक १९७१ मध्ये आले, ते कसेबसे वाचून पुरे करावे लागते, आणि वाचनीय आत्मकथन यायला २००४ साल उजाडले. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले तेही गीतपरंपरेतील काव्याभिव्यक्तीसाठी, पुस्तकांसाठी नव्हे. तेव्हा कोथरूडकर, तुमचे परिचित सर्वस्वी चुकीचे बोलले असे समजू नका. दोन्ही कामे करता येतात, पण दोन्ही एकाच वेळी पिकतील अशी अपेक्षा धरू नये.

सहकारनगरची वाचक

मूळ प्रश्नातील 'गायब' या शब्दाला माझा आक्षेप आहे. परदेशी समीक्षकांनीही तो पुष्कळ वापरला आहे, म्हणून आपल्याला दोष देत नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्सच्या फुटबॉलच्या मैदानावर प्रचंड गर्दीसमोर कार्यक्रम करून त्यांनी बँड थांबवला, १९८० मध्ये फ्रेड स्मिथ यांच्याशी विवाह केला आणि डेट्रॉइटजवळ संसार थाटला. दोन मुले झाली. एखादी बाई स्वयंपाकघरात असली की ती जगाच्या दृष्टीने गायब होते, एवढेच त्याचे तात्पर्य. त्या काळाबद्दल त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे की, मुले उठण्यापूर्वी, पहाटे पाचच्या सुमारास उठून त्या रोज लिहायला बसत. छापून येण्याची घाई नव्हती. मंच नव्हता, टाळ्या नव्हत्या. मुठाकाठ यांनी विचारले आहे की गद्याला इतकी वर्षे का लागली. माझ्या मते ती वर्षे लागली नाहीत, ती कामी आली. त्यांच्या नंतरच्या गद्यातील साधेपणा, वस्तूंकडे थांबून पाहण्याची सवय, कपबशी किंवा जुना कोट यांवर पानभर लिहिण्याची हिंमत, हे सारे त्या पहाटेंचे फळ आहे. १९८८ मध्ये पतीबरोबर केलेला एक अल्बमही आला होता, म्हणजे संगीतही अगदीच सुटले नव्हते.

या काळातल्या एका पुस्तकाचा आपल्याशी चक्क संबंध आहे. 'वूलगॅदरिंग' हे त्यांचे बालपणाच्या आठवणींचे छोटे पुस्तक १९९२ मध्ये हनुमान बुक्स या प्रकाशनाने काढले. प्रकाशनाचा कारभार न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलातून चाले आणि पुस्तके मात्र आपल्या मद्रासला छापली जात. देवळाबाहेर मिळणाऱ्या स्तोत्रांच्या पुस्तिकांवरून त्या मालिकेचा आकार घेतलेला होता. पुस्तक तळहातावर मावत असे. डेट्रॉइटच्या उपनगरात लिहिलेले, मद्रासला छापलेले आणि रॉक गायिकेचे पुस्तक!

पुढची वर्षे फार अवघड गेली. १९८९ मध्ये त्यांचे तरुणपणापासूनचे जिवलग, छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प गेले, १९९४ च्या नोव्हेंबरात पती गेले आणि त्यानंतर महिनाभरात धाकटा भाऊ गेला. त्यानंतर त्या पुन्हा मंचावर आल्या. मुले लहान होती, घर चालवायचे होते. त्यात करिअरची आखणी शोधणे मला तरी क्रूरपणाचे वाटते.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. 'गायब' हा शब्द मी मागे घेतो. एक उपप्रश्न विचारतो. 'जस्ट किड्स'मध्ये चाळीस वर्षांपूर्वीचे कपडे, खोल्या, जेवणाची ताटे, कोणत्या दिवशी पाऊस होता, असे बारकावे आहेत. इतके लक्षात राहते कसे? मला गेल्या वर्षीच्या कार्यक्रमातील गाण्यांचा क्रमही आठवत नाही.

जुनी तबकडी

रोजनिशीमुळे. त्या काळात त्यांनी रोजनिशी ठेवलेली होती, त्यामुळे तारखा आणि लहानसहान नोंदी हाताशी होत्या. मार्च १९८९ मध्ये मॅपलथॉर्प यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी स्मिथ यांनी त्यांना शब्द दिला होता की आपल्या दोघांची गोष्ट मी लिहीन. 'हॉर्सेस'च्या मुखपृष्ठावरचे ते कृष्णधवल छायाचित्र मॅपलथॉर्प यांनीच काढलेले. शब्द पाळायला एकवीस वर्षे लागली. २०१० मध्ये पुस्तक आले आणि त्याच वर्षी ललितेतर गद्यासाठीचा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळाला. पुरस्कार स्वीकारताना त्यांना स्क्रिब्नर्समधली नोकरी आठवली: हीच पुरस्कारप्राप्त पुस्तके त्या फळीवर मांडत असत आणि स्वतःचे पुस्तक तिथे असावे असे स्वप्न पाहत असत. योगायोगाने त्याच २०१० च्या डिसेंबरात आपल्या पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला. मी तिथे चिखल तुडवत असताना माझ्या पिशवीत हे पुस्तक होते, म्हणून माझ्या डोक्यात दोन्ही एकत्र बसले आहेत.

मुठाकाठ यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. संगीतकाराने पुस्तक लिहिणे ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. गोविंदराव टेंबे यांनी 'मानापमान'ला चाली दिल्या, पेटी वाजवली, 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र केला, आणि 'माझा संगीत व्यासंग'ही लिहिले. केशवराव भोळे इथे प्रभातमध्ये 'संत तुकाराम'चे संगीत करत होते, आणि त्यांनी 'एकलव्य' या नावाने केलेली गायकांची समीक्षा आजही वाचावी अशी आहे. प्रभा अत्रे यांचे 'स्वरमयी' तर पुष्कळांच्या घरी असेल. यांना कोणी दोन डगरींचे नाव घेऊन अडवले असेल, तर त्यांनी ते ऐकले नाही. फरक इतकाच की, आपले संगीतकार बहुधा संगीताविषयी लिहितात. स्मिथ यांच्या 'एम ट्रेन' (२०१५) या पुस्तकात संगीत शोधावे लागते. त्यात आहे ती कॉफी, उपाहारगृहातली ठरलेली खुर्ची, लेखकांच्या कबरी आणि दूरचित्रवाणीवरच्या पोलिसी मालिका. पुण्यात असे पुस्तक लिहिणे कठीण. वैशाली उपाहारगृहात आपल्या खुर्चीमागे चार जण उभे असताना वही उघडून दाखवावी.

मुठाकाठ

हे मान्य. गोष्टीची दुसरी बाजू म्हणून एवढेच सांगतो की, स्टॉकहोमला १० डिसेंबर २०१६ रोजी नोबेल समारंभात डिलन यांच्या वतीने गाताना त्या मध्येच अडखळल्या, क्षमा मागितली, आपण फार घाबरलो आहोत असे म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवात केली. सत्तर वर्षे पूर्ण व्हायला तीन आठवडे होते. नंतर त्या प्रसंगावर त्यांनी लेख लिहिला. मला तो लेख त्यांच्या कित्येक कवितांपेक्षा अधिक आवडतो, कारण मंचावर जे निसटले ते त्यांनी कागदावर नीट पाहून घेतले. तुम्ही दोन्ही कामे करणार असाल, तर फसलेल्या कार्यक्रमानंतर घरी येऊन लिहून पाहा. यशस्वी कार्यक्रमावर लिहिण्यासारखे फारसे काही नसते.

कोथरूडकर

आमचे बरेच कार्यक्रम त्या दृष्टीने सोयीचे आहेत. सहकारनगरच्या वाचक, 'वूलगॅदरिंग'ची ती मद्रासची तळहाताएवढी प्रत आपल्याकडे असल्यास एकदा पाहायला मिळेल का? मागून नेणार नाही, नुसती पाहीन.

सहकारनगरची वाचक

माझ्याकडे आहे ती २०११ ची, नेहमीच्या आकाराची, छायाचित्रे असलेली आवृत्ती. ती न्यायला हरकत नाही. पुठ्ठ्याचे वेष्टन काढू नये आणि पान मुडपू नये. मूळ प्रत मी स्वतः अजून पाहिलेली नाही. कॅम्पातील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना सांगून ठेवले आहे. मिळाली तर इथे कळवीन, पण पहिल्यांदा मी वाचणार.