ट्रायल्स बाइक : इंजिन थंड असताना क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते

पेनाइन_पुणेकर (प्रश्न)

गाडी २५० सीसी टू-स्ट्रोक ट्रायल्स (दगड-चढांवरून पाय न टेकता चालवायच्या स्पर्धेची), हायड्रॉलिक क्लच (तारेऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा), सेकंडहँड. ठिकाण यॉर्कशर (इंग्लंड), सकाळी ३-४ अंश तापमान.

स्टार्ट करून क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला की गाडी झटका देऊन पुढे उडी मारते, बऱ्याचदा बंदच पडते. इंजिन चालू असताना न्यूट्रल सापडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी त्रास कमी होतो, पण पूर्ण जात नाही. सेक्शनमध्ये (स्पर्धेतल्या अडथळ्यांच्या टप्प्यात) दगडासमोर क्लच दाबून चाक रोखलं तरी गाडी सरकते, मग पाय टेकावा लागतो.

गिअरबॉक्समध्ये आधीच्या मालकाने कोणतं तेल घातलं होतं ते माहीत नाही. लिव्हर घट्ट किंवा ढिली वाटत नाही. गाडी बंद पडू नये म्हणून आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग) थोडा वाढवला आहे. नवीन क्लच प्लेट्सचा सेट मागवू का?

तेलकट_हात

सेट इतक्यात मागवू नका. आयडल आधी होता तिथे आणा. वाढलेल्या आयडलवर क्लच जितका ओढतो तितकी गाडी जास्त ढकलते, त्यामुळे मूळ दोष किती आहे तेच कळत नाही. आयडल गरम इंजिनावर, न्यूट्रलमध्ये लावायचा.

यानंतर दोष प्लेट्समध्ये आहे की हायड्रॉलिकमध्ये, ते ठरवा. इंजिन बंद, गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत, पहिला गिअर. क्लच दाबून चाक हाताने फिरवा. आता लिव्हर चार-पाच वेळा भराभर पंप करा, दाबून धरा आणि पुन्हा फिरवा. पंप केल्यावर चाक मोकळं झालं तर लाइनमध्ये हवा आहे. काहीच फरक पडला नाही, पण एकदा जोर लावल्यावर ‘चट्’ करून सुटलं आणि पुढे मोकळं फिरलं, तर प्लेट्स एकमेकींना चिकटल्या आहेत. कितीही फिरवलं तरी सारखंच जड लागत असेल तर प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोराने सगळ्या प्लेट्स दाबून धरणारी) पुरेशी उचलत नाही, किंवा बास्केटमध्ये (प्लेट्स बसतात त्या खोबणीच्या डब्यात) खाचा पडल्या आहेत.

तेल काढाल तेव्हा पारदर्शक बाटलीत काढा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर वॉटर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये येतंय. ते तसंच ठेवून क्लचवर मेहनत करू नका, प्लेट्स पुन्हा खराब होतील. तेल घातल्यापेक्षा बरंच कमी निघालं आणि गाडी पांढरा धूर देत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील पाहा. तिथून गिअरबॉक्सचं तेल इंजिनात ओढलं जातं.

पेनाइन_पुणेकर

चाचणी केली. पंप करून फरक नाही. पहिल्यांदा जोर लावल्यावर ‘चट्’ करून सुटतं, पण नंतरही थोडं जडच फिरतं. तेल साधारण ४०० मिली निघालं, काळपट आणि खूप दाट, दुधाळ नाही. धूर नेहमीसारखाच.

दगडवाट

म्हणजे दोन कारणं एकत्र आहेत : दाट तेल आणि प्लेट्सवरचा गोंद.

तेलाचं आधी. या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात चालतात, इंजिनाचं वंगण पेट्रोलमधल्या टू-स्ट्रोक ऑइलने होतं. गिअरबॉक्सला पातळ तेल लागतं. बहुतेक ट्रायल्सवाले ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड घालतात, किंवा ओल्या क्लचसाठी बनवलेलं हलकं गिअर ऑइल. थंडीत दाट तेल प्लेट्सच्या मध्ये मधासारखं बसून राहतं. कारचं इंजिन ऑइल घालू नका, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या पदार्थांमुळे क्लच घसरतो. मात्रा मॅन्युअलमध्ये असेल तेवढीच, जास्त भरल्यानेही ओढतो.

आता गोंद. क्लचमध्ये फ्रिक्शन प्लेट आणि स्टीलची प्लेट एकाआड एक असतात. फ्रिक्शन प्लेटवर घर्षणाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात. चिकटवताना जादा गोंद तुकड्यांच्या मधल्या फटींत आणि कडांवर येऊन सुकतो. त्या फटी तेल बाहेर फेकायला असतात. त्या बुजल्या की तेल अडतं आणि प्लेट स्टीलला धरून ठेवते. उजेडात तिरपी धरून पाहा : तुकड्याच्या कडेला तपकिरी, काचेसारखी चकाकणारी रेघ दिसेल. तो गोंद. नव्या सेटमध्येही तो असू शकतो, म्हणून नुसत्या प्लेट्स बदलून हा त्रास जाईलच असं नाही.

पेट्रोलचा नॉब बंद करा, गाडी डाव्या कुशीवर आडवी करा (क्लच उजवीकडे असेल तर). अशी ठेवली की तेल न काढताही कव्हर उघडता येतं. तुमचं काढलंच आहे. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळत नाही ना, ते पाहा. कव्हर उघडल्यावर स्प्रिंगला हात लावण्याआधी कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलते का ते पाहा. एका बाजूने कमी उचलत असेल तर स्प्रिंगची लांबी व्हर्नियरने मोजा, एखादी बसलेली निघेल.

स्प्रिंगचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, अर्धा-अर्धा वळसा ढिले करा. प्लेट्स बाहेर काढाल त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने वर्तमानपत्रावर मांडा. स्टीलच्या प्लेट्स ठोकून कापलेल्या असतात, त्यामुळे एक कड धारदार आणि दुसरी गोलसर असते. सगळ्यांची गोलसर कड एकाच दिशेला बसवायची.

फटींमधला गोंद बारीक कटरच्या टोकाने खरवडा, पण पात्याने तुकडा उचलू नका. स्टीलच्या प्लेट्स जाड काचेवर ठेवा आणि कडेने ०.१ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहा. आत गेलं तर प्लेट वाकली आहे, बदला. सरळ असेल तर २४० नंबरचा एमरी पेपर काचेवर पसरून त्यावर प्लेट गोल-गोल घासा. चकाकी जाऊन मंद राखाडी रंग आला की थांबा, धातू झिजवायचा नाही.

तेलकट_हात

बास्केटही पाहा. प्लेट्सचे कान (कडेला बाहेर आलेले दाते) बास्केटच्या उभ्या दांड्यांना (बोटांना) जिथे टेकतात तिथे बोटाचं नख फिरवा. नख अडकलं तर खाच आहे आणि कान त्यात अडकून प्लेट उघडत नाही. तुमचं ‘नंतरही थोडं जड’ यातूनच येत असावं. बारीक सपाट कानसने खाच काढा, सर्व बोटांवर सारखी, नाहीतर भार एकाच प्लेटवर येतो. खाच खोल असेल तर बास्केट बदलणंच बरं. कानस मारताना खाली फडकं कोंबा, अॅल्युमिनियमचा चुरा गिअरबॉक्समध्ये जाता कामा नये.

जोडताना प्लेट्स ब्रेक क्लीनरने मोकळ्या हवेत, आगीपासून लांब धुवा आणि नव्या तेलात तासभर भिजवून मग बसवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच क्लचला जळतात. स्प्रिंगचे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये बसतात, आटे पटकन जातात. मॅन्युअलमधला टॉर्क आकडा पाळा आणि छोटा टॉर्क पाना वापरा. लांब पान्याने नको.

डोंगरी_चाक

हायड्रॉलिकमध्ये आज दोष नसला तरी एक सांगून ठेवतो. क्लचच्या टाकीचं झाकण वाचून मगच तेल घाला. काही गाड्यांना डॉट ४ (ब्रेक फ्लुइड) लागतं, काहींना मिनरल ऑइल. चुकीचं पडलं तर रबरी सील फुगतात आणि काही दिवसांत क्लच परत सुटेनासा होतो. हवा काढायची तर खालून, स्लेव्ह सिलिंडरच्या (क्लच ढकलणाऱ्या, इंजिनाकडच्या सिलिंडरच्या) निपलमधून इंजेक्शनच्या सिरिंजने तेल वर ढकला. हवेचे बुडबुडे आपसूक वर जातात, लिव्हर पंप करत बसायला लागत नाही. लिव्हरला २-३ मिमी मोकळी चाल ठेवा. चाल नसेल तर गरम झाल्यावर फुगलेलं तेल टाकीत परत जात नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहून घसरतो.

पेनाइन_पुणेकर

उघडलं. गोंद सात फ्रिक्शन प्लेट्सपैकी पाचवर, फटी निम्म्या बुजलेल्या. एक स्टील प्लेट वाकलेली, ०.१ चं गेज सहज जात होतं, ती बदलली. बास्केटच्या दोन बोटांवर नखाला लागेल एवढी खाच होती, पण सगळ्या बोटांवरून कानस फिरवली. ट्रान्समिशन फ्लुइड भरलं. आज ५ अंशात पहिला टाकताना झटका जाणवेल न जाणवेल इतका, न्यूट्रल इंजिन चालू असताना लागतो. गरम झाल्यावर काहीच ओढत नाही.

एक शंका : सकाळी पहिल्यांदा सुरू करण्याआधी काही करावं लागतं का?

दगडवाट

हो. इंजिन बंद, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी पाच-सहा वेळा पुढे-मागे ढकला. रात्रभर चिकटलेल्या प्लेट्स तिथेच सुटतात. मग न्यूट्रल करून स्टार्ट करा आणि रेडिएटर कोमट होईपर्यंत थांबा. पाच-सहा राइड झाल्या की ट्रान्समिशन फ्लुइड एकदा बदला. प्लेट्सवरून निघालेला गाळ आणि कानसचा राहिलेला बारीक चुरा त्याबरोबर निघून जाईल. काढलेलं तेल बाटलीत ठेवून एक दिवस निवळू द्या, तळाशी चमकणारे कण जास्त दिसले तर इथे लिहा.