ॲपमधली ‘हत्ती दूध पितो’ छाप वाक्यं: पाठ करावीत की सोडून द्यावीत?

फोंडेकर:

पोर्तुगीज शिकवणाऱ्या ॲपवर सुरुवातीच्या धड्यांतच ‘हत्ती दूध पितो’, ‘सफरचंद दुःखी आहे’, ‘बदक पेपर वाचत नाही’ अशा जातीची वाक्यं येत राहतात. ऐकायला मजा येते, घरातली मुलंही दिवसभर तीच म्हणत फिरतात. पण समोर सिप्ले, म्हणजे पोर्तुगालची ए-२ (प्राथमिक) पातळीची भाषापरीक्षा आहे आणि हाताशी जेमतेम सात महिने. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात: असली वाक्यं मुद्दाम घालतात का, त्यांवर वेळ घालवावा का, आणि ॲपवरचं पोर्तुगीज ब्राझीलचं असेल तर लिस्बनच्या परीक्षेला त्यातलं कितपत चालेल?

मांडवीकाठ:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तिसऱ्या-चौथ्या धड्यापर्यंत तुम्हाला शब्द माहीत असतात तीस-चाळीस: काही प्राणी, काही खाण्याचे पदार्थ, चार-पाच क्रियापदं. कर्त्याच्या जागी कुठलाही कर्ता आणि कर्माच्या जागी कुठलंही कर्म बसवलं की व्याकरण बरोबर राहतं, अर्थ मात्र भलतीकडे जातो. हत्तीच्या पुढ्यात दूध येतं ते असं. ड्युओलिंगो ॲपच्या डच कोर्समधलं ‘माफ करा, मी सफरचंद आहे’ हे वाक्य जगभर गाजलं, तेही याच कुळातलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ‘मुलगी दूध पिते’ हे वाक्य न वाचताच कळतं. ‘मुलगी’ आणि ‘दूध’ दिसलं की मधलं क्रियापद डोकं स्वतःच भरतं आणि त्याच्या शेवटच्या प्रत्ययाकडे लक्ष जात नाही. हत्ती आला की अंदाज चालत नाही, प्रत्येक शब्द वाचावाच लागतो.

लक्षात राहण्याचाही मुद्दा आहे. मॅकडॅनियल आणि आइन्स्टाइन (भौतिकशास्त्रातले नव्हेत, हे मानसशास्त्रज्ञ) यांनी १९८६ साली प्रयोगांतून दाखवलं, की विचित्र वाक्यं साध्या वाक्यांत मिसळलेली असली तर जास्त आठवतात. सगळीच विचित्र असतील तर तो फायदा उरत नाही. म्हणून अशी वाक्यं गोळा करून त्यांचीच यादी घोकू नका. आठ-दहा साध्या वाक्यांमागे एखादा हत्ती पुरे.

माशेलची वाचक:

वेळ घालवावा का, तर घालवावा, पण हत्तीवर नाही, वाक्याच्या साच्यावर. फोंडेकरबाब, तुमचंच दुःखी सफरचंद घ्या: ‘अ मसां श्ता त्रीश्त’. यात शिकायचं आहे ते ‘श्ता’. पोर्तुगीजला ‘असणे’ची दोन क्रियापदं आहेत. आज आहे, उद्या बदलेल अशा अवस्थेला ‘श्ता’. माणसाची ओळख, धंदा, वस्तूचा गुण यांना ‘ए’. मराठीत दोन्हीकडे ‘आहे’च, त्यामुळे आपल्या लोकांची इथे सगळ्यात जास्त चूक होते. आता सफरचंद काढा आणि घरातलं माणूस बसवा:

उ मेउ पाय श्ता दुएंत – माझे वडील आजारी आहेत.
उ मेउ पाय ए मेदिकु – माझे वडील डॉक्टर आहेत.
अ सोपा श्ता फ्रीआ – सूप गार झालंय.
अ लोझा श्ता फशादा – दुकान बंद आहे.

(‘पाय’ म्हणजे वडील. आपल्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला ‘पाय’ तो हाच.)

एका विचित्र वाक्यामागे स्वतःची चार-पाच वाक्यं, हे प्रमाण ठेवा. वाक्यं परीक्षेत विचारतील अशी हवीत: घर, प्रकृती, दुकान, प्रवास, वेळ. जे वाक्य बनवताना अडखळाल तिथेच साचा कच्चा आहे असं समजा. ॲपने हिरवी खूण दिली म्हणून साचा आला असं होत नाही, कारण बहुतेक वेळा तिथे समोर मांडलेले शब्द उचलून फक्त ओळीत लावायचे असतात. ठोकळ्यांऐवजी कीबोर्डने उत्तर लिहायची सोय असेल तिथे नेहमी तीच वापरा. वेग निम्म्यावर येईल, येऊ द्या.

दुसरा खड्डा भूतकाळाचा. मराठीत ‘मुलीने पाव खाल्ला’, ‘मुलीने सफरचंद खाल्लं’, ‘मुलीने भाकरी खाल्ली’: क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जातं. पोर्तुगीजमध्ये ते खाणाऱ्यामागे जातं. ‘अ मनीना कुमेउ उ पांव’, ‘अ मनीना कुमेउ अ मसां’, दोन्हीकडे ‘कुमेउ’च. मुलं अनेक झाली की ‘कुमेरांव’. इथे ॲपची वेडी वाक्यं खरोखर कामाची आहेत. ‘हत्तींनी पुस्तक खाल्लं’ यात कर्ता अनेकवचनी, कर्म एकवचनी; मराठी सवयीने गेलात की हटकून चुकता, आणि चूक लगेच दिसते.

तिसरं, ‘मला आवडतं’. तिकडे आवडणारा माणूसच कर्ता, आणि क्रियापदानंतर ‘द’ लागतोच: ‘गोश्तु द कफे’. हा ‘द’ विसरणं ही फार सर्रास होणारी चूक. ‘मला भूक लागली’ला ‘तेन्यु फोम’, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे भूक आहे’.

रायबंदर:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ड्युओलिंगोचा पोर्तुगीज कोर्स ब्राझीलचा आहे. मेमराइज ॲपवर ब्राझील आणि पोर्तुगाल असे दोन वेगळे पर्याय आहेत. निवडताना झेंडा नीट बघा.

व्याकरणाचा पाया बहुतेक चालतो. अडतं ते कानाला. तोच हत्ती दोन देशांत ऐका. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी: ‘उ एलेफांची बेबी लेइची’. पोर्तुगालमध्ये: ‘उ इलफांत बेब लैत’. तिकडे शब्दाच्या शेवटचा स्वर जवळपास गिळतात, आणि ‘ती’चा ‘ची’ होत नाही. शेवटचा ‘स’ पोर्तुगालात ‘श’ होतो. सहा महिने ब्राझीलचा आवाज ऐकून लिस्बनची ध्वनिफीत लावली, तर ओळखीचे शब्दसुद्धा निसटतात. म्हणून पहिल्या महिन्यापासून रोज पंधरा मिनिटं आरटीपीच्या, म्हणजे पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीच्या, बातम्या कानावर पडू द्या. सुट्या शब्दाचा उच्चार फोर्व्हो या उच्चारांच्या संकेतस्थळावर ऐका. तिथे बोलणारा कुठल्या देशाचा ते लिहिलेलं असतं.

शब्दांची यादी लहान आहे, पण रोजच्या वापरातली आहे. बस: ब्राझीलमध्ये ‘ओनिबुस’, पोर्तुगालमध्ये ‘औतुकार्रु’. आगगाडी: ‘त्रें’ आणि ‘कोंबोयु’. मोबाइल: ‘सेलुलार’ आणि ‘तलमोव्हेल’. न्याहारी: ‘कफे द मान्यां’ आणि ‘पकेनु आल्मोसु’. ‘मी बोलतोय’ला ब्राझीलमध्ये ‘इस्तो फलांदु’, पोर्तुगालमध्ये ‘श्तो अ फलार’. बाथरूमला ब्राझीलमध्ये ‘बान्येइरु’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये हा शब्द समुद्रकिनाऱ्यावर पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा आहे, तिथे ‘काझा द बान्यु’ विचारायचं. आणि ‘रपरीगा’ जपून. पोर्तुगालात ती साधी तरुण मुलगी, ब्राझीलमध्ये बऱ्याच ठिकाणी ती शिवी होते.

शंका आली की प्रीबेरामच्या ऑनलाइन कोशात बघा, तो पोर्तुगालचा आहे. अननसाच्या बाबतीत मात्र आपण जन्मजात लिस्बनच्या बाजूचे: ब्राझीलमध्ये ‘अबाकाशी’ म्हणतात, पोर्तुगालात ‘अननाश’.

मांडवीकाठ:

रायबंदर यांच्या शेवटच्या ओळीला जोडून. चावी, बालदी, पाव, बटाटा, काजू, कोबी, लिलाव, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधूनच आले. ॲप त्यांना ‘नवीन शब्द’ म्हणून शिकवतं, कारण त्याची वाट इंग्रजीतून जाते. तुम्ही त्यांवर एक मिनिटही घालवू नका, फक्त लिंग टिपा. ‘पगार’ तिकडे क्रियापद आहे, अर्थ ‘पैसे देणे’. अनुनासिक उच्चारही आपल्याला फुकट मिळतो. जूनच्या २४ तारखेला विहिरीत उड्या मारतात त्या सणाला आपण ‘सांजांव’ म्हणतो. मूळ ‘सांव झुआंव’. ज्याच्या तोंडी सांजांव नीट बसतो त्याला ‘पांव’ आणि ‘नांव’ (म्हणजे ‘नाही’) शिकवावं लागत नाही. मेहनत ‘झ’वर घ्या: पणजीतल्या फोंतेन्हासमधल्या ‘रुआ ३१ द झनेइरु’ पाटीवरचा ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला नाही, ‘श’ म्हणताना गळा घुमू दिला की येतो तो.

इंग्रजीच्या वाटेचा मोठा तोटा वेगळाच आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच. ॲप त्याला बहुतेक वेळा ‘व्होसे’ देतं, आणि शिकणारा सगळ्यांना ‘व्होसे’ म्हणत सुटतो. पोर्तुगालात मित्राला, घरच्याला ‘तु’. वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाला ‘उ सन्योर’, ‘अ सन्योरा’, आणि क्रियापद तृतीयपुरुषी: ‘उ सन्योर केर कफे?’ आपण ‘साहेब कॉफी घेणार का?’ म्हणतो अगदी तसं. अनोळखी माणसाला तोंडावर ‘व्होसे’ तिथे अनेकांना तुटक वाटतं. ॲपमध्ये ‘यू’ दिसला की आधी मराठीत ठरवा, तू की तुम्ही, मग उत्तर लिहा. परीक्षेत समोर परीक्षक बसलेला असतो, हे तिथे उपयोगी पडेल.

फोंडेकर:

देव बरें करूं सगळ्यांचं. साच्याची वाक्यं वहीत लिहावीत की कार्डांवर? आणि दिवसाला किती?

माशेलची वाचक:

कार्डांवर. अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे पोर्तुगीज आणि अवघड शब्दाचा फोर्व्होवरून घेतलेला आवाज. उलट दिशेचं कार्ड करू नका. वाचून समजण्याचा सराव ॲप भरपूर देतंच. अँकीत रोजची २० नवी कार्डं आधीपासून ठरलेली असतात, ती सेटिंगमध्ये जाऊन ८ वर आणा. एकटा शब्द आठवायला दोन सेकंद पुरतात, पूर्ण वाक्य बांधायला पंधरा-वीस लागतात. २० ठेवलीत तर तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग साचतो आणि माणूस सोडून देतो. उत्तर आधी मोठ्याने म्हणा, मगच कार्ड उलटा. ‘द’ विसरला, ‘ए’च्या जागी ‘श्ता’ आला, तर ‘जवळपास बरोबर’ धरू नका, ‘पुन्हा’ दाबा.

परीक्षेचं गणितही बघून ठेवा. सिप्लेत वाचन आणि लेखन मिळून ४५ टक्के, ऐकणं ३० टक्के, बोलणं २५ टक्के. उत्तीर्ण व्हायला एकूण ५५ लागतात. वाचन-लेखनाला सव्वा तास, ऐकण्याला अर्धा तास, बोलण्याला १५ मिनिटं. लेखन-वाचनाखालोखाल ऐकणंच आहे, आणि ब्राझीलचं ॲप सगळ्यात कमी उपयोगी पडतं तेही तिथेच. बोलण्याच्या सरावाला माणूसच हवा. पणजीत कामोईंश या पोर्तुगीज सरकारी संस्थेचं भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. तिथे चौकशी करा.

डिचोली_बाजार:

थोडं विषयांतर. पुण्याहून गोव्यात नोकरीला आलेल्या मराठी माणसाला कोकणी शिकायची असेल, तर हीच साच्याची पद्धत चालेल का? ड्युओलिंगोवर तर कोकणी नाहीच.

रायबंदर:

चालेल, आणि लवकर चालेल. पहिला साचा ‘जाय’ आणि ‘नाका’चा घ्यावा: ‘म्हाका उदक जाय’, ‘म्हाका साखर नाका’, ‘तुका कितें जाय?’ मराठी कानाला ‘जाय’ म्हणजे जाणं वाटतं. इथे अर्थ ‘हवं’. या एका साच्यात बाजार, हॉटेल, ऑफिस सगळं उरकतं. नंतर खोटे मित्र, म्हणजे दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्द: ‘शीत’ म्हणजे शिजलेला भात, थंडी नव्हे. गुगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ पासून कोकणी आहे, पण ते सुट्या शब्दाला आधार म्हणून वापरावं. तिथलं अख्खं वाक्य शेजाऱ्यांच्या कानावर घालून मगच पक्कं करा, कारण बार्देस, तिसवाडी आणि काणकोण या तालुक्यांची बोली एक नाही.