मदत हवी आहे: अकरावीतला भाचा गप्प गप्प असतो आणि सारखं लागून घेतोय

नमस्कार. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. बहिणीचा मुलगा, वय १६, अकरावी सायन्ससाठी आमच्याकडे आहे. दहावीला मार्क चांगले होते. क्लासच्या टेस्टमध्ये मागे पडायला लागला आणि पोरगा मिटूनच गेला. ताटात अर्धी भाकरी तशीच, क्रिकेट बंद, रात्री दोन-अडीचलाही खोलीत लाईट चालू.

त्यात हे अपघात. मित्राची गाडी घेऊन गेला आणि वळणावर, ट्रॉलीतून सांडलेल्या उसावर घसरला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. कोपरात रुतलेली खडी मी काढत होते तर साधं 'आई गं' सुद्धा म्हणाला नाही. ते शांत बसणं मला जखमेपेक्षा जास्त लागलं. नंतर उकळता चहा हातावर सांडला. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही गं मावशी."

घरचे म्हणतात वयच धांदरट आहे. ह्यांनी कायदा सांगून झाला: लायसन्स नसताना पकडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड, वर तीन वर्षांपर्यंत कैद. धाकाने गाडी थांबेल हो, पण झोप कशी येईल? मला वाटतं, अपुरी झोप, मनातली घालमेल आणि हे पडणं-भाजणं एकाच दोरीत आहे. कधीकधी तर तो स्वतःला जपतच नाहीये अशी शंका येते. म्हणून शेतीची औषधं, तणनाशकाचे डबे मी कुलपात टाकलेत.

'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का' असं थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे वाचलंय. तरी शब्द तोंडातून निघत नाहीत. तुम्ही कुणी मुलांना असं विचारलंय का? कधी, कसं?

१४४१६ हा टेली मानसचा (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) मोफत नंबर त्याला दिलाय, फोन केला की नाही माहीत नाही. मावशी म्हणून मी स्वतः तिथे फोन करून बोलले तर चालतं का?

सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकमध्ये १० ते १९ वयाच्या मुलांशी समुपदेशक बोलतात म्हणे. कुणी नेलंय का? मुलाशी एकट्याने बोलतात की पालकांना आत बसवतात? "मी वेडा नाहीये" म्हणून तो अडून बसलाय, त्याला तिथवर न्यायचं कसं? बहीण रविवारी येतेय, तिच्याशी बोलायच्या आधी अनुभव कळले तर फार बरं होईल.