ती लाली पळसाची नसावी
ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर मार्चमध्ये लांबून लाल दिसणारे प्रत्येक झाड पळसाचेच असते, असे कोणी म्हटले, तर ते मला पूर्णपणे मान्य नाही. पळस तिथे बहरतो हे खरे, पण त्याचा रंग केशरीकडे झुकतो. गडद तांबडे दिसणारे झाड बरेचदा कुसुम या जंगली वृक्षाचे असते आणि ती लाली फुलांची नसून कोवळ्या पालवीची असते, कारण नव्या पानांत हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य अधिक असते.

गेल्या वर्षी मी अशाच एका झाडाखाली जाऊन उभा राहिलो. खाली आलेल्या फांदीवरची पाने रेशमासारखी मऊ होती, उन्हात आरपार उजळत होती आणि एकेका पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या होत्या; पळसाला मात्र पाने तीनच, हे आपण जाणतोच. कुसुमाची खरी फुले हिरवट-पिवळी आणि इतकी बारीक असतात, की मधमाश्यांची गुणगुण ऐकून मी वर पाहिले नसते तर ती मला दिसलीच नसती. ही पालवी थोड्याच दिवसांत हिरवी होते, त्यामुळे पाहायला जायचे असल्यास एप्रिल संपण्याची वाट पाहू नये.