भंगारात जड काळी कांडी निघाली, युरेनियम असेल का? मदत हवी आहे

भोसरी_यार्ड:
नमस्कार मंडळी. भोसरीत आखातातून आलेलं भंगार निवडताना एका टोकाला निमुळती, साडेनऊ सेंमी लांब, 16 मिमी जाडीची काळपट कांडी निघाली. वजन 290 ग्रॅम. एवढ्या आकाराचं लोखंड 120च्या आसपास भरलं असतं. खाचांत पिवळी पूड आहे. गेटवरचा रेडिएशन मॉनिटर वाजला नव्हता. दोन कामगारांनी ती उघड्या हातांनी उचलली. कापून भट्टीला द्यावी का? त्या दोघांना धोका किती?

गायगर:
कृपा करून कापू नका. ग्राइंडर, गॅस कटर, तारेचा ब्रश यातलं काहीच लावू नका. मापं ए-10 या अमेरिकी लढाऊ विमानाच्या 30 मिमी गोळीतल्या गाभ्याशी जुळतात. तो डिप्लिटेड युरेनियमचा असतो, म्हणजे 235 हा प्रकार बराचसा काढून घेतल्यावर उरलेल्या युरेनियमचा. 1991 आणि 2003 मध्ये इराकमध्ये अशा गोळ्या झाडल्या गेल्या. टंगस्टनही जवळपास इतकंच जड असतं, म्हणून नुसत्या वजनावर निकाल लावू नका.

गेट वाजला नाही याने निर्धास्त होऊ नका. तो गॅमा किरण पकडतो. या धातूतून मुख्यतः अल्फा आणि बीटा हे सहज अडणारे कण निघतात, गॅमा क्षीण, त्यात भोवती लोखंडाचा ढीग. पॅनकेक प्रोबचा (चपट्या गोल शोधकाचा) रेडिएशन मीटर एका सेंमीवर धरला तर तो बोलेल. मध्ये कागद धरून आकडा फारसा उतरला नाही आणि 5 मिमी ॲल्युमिनियमने एकदम बसला, तर तो बीटा.

या धातूचे बारीक कण हवेत आपोआप पेट घेतात. घासलं की ठिणग्या उडतात आणि मागे उरते ती ऑक्साइडची बारीक धूळ. खरी भीती तिची. पेटलेल्या कणांवर पाणी मारू नका, कोरडी वाळू टाका. भट्टीत गेलंच तर युरेनियम बहुतांशी स्लॅगमध्ये, म्हणजे भट्टीच्या मळीत, उतरतं, म्हणजे कटकट संपत नाही, नुसती जागा बदलते.

आत्ता एवढंच करा: हातमोजे आणि एन-95 घालून कांडी दोन जाड पिशव्यांत, मग झाकणाच्या डब्यात कुलूपबंद. खालची जागा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि ते फडकंही वेगळ्या पिशवीत. मग 112 आणि मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ. पुण्याजवळ सुदुंबऱ्यात एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) बटालियन आहेच. ढिगात अख्खं काडतूस दिसलं तर मात्र त्याला हातच लावू नका, सगळ्यांना लांब न्या.

नेफ्रॉन:
कामगारांबद्दल. अल्फा कातडीच्या पार जात नाही. बीटाचा डोस कांडीला टेकलेल्या कातडीला ताशी साधारण 2 मिलिसिव्हर्ट. सामान्य माणसाच्या कातडीसाठी वर्षाची मर्यादा 50 आहे, म्हणजे कांडी 25 तास मुठीत धरावी लागेल. मिनिटभर उचलल्याने घाबरू नका. साबणाने हात धुवा, नखांखालीही. त्याआधी तंबाखू मळायची नाही, हे दोघांना बजावून सांगा.

पूड पोटात किंवा छातीत गेल्याची शंका असेल तर 24 तासांची लघवी गोळा करून आयसीपी-एमएसवर (अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) युरेनियम तपासा. अन्नपाण्यातून थोडं युरेनियम सगळ्यांच्याच लघवीत येतं, तेव्हा युरेनियमच्या 235 आणि 238 या प्रकारांचं गुणोत्तर मागा: नैसर्गिक 0.0072, डिप्लिटेड 0.002च्या आसपास. विरघळणारं युरेनियम आधी मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करतं. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन उशिरा वाढतं, म्हणून नलिकांची इजा दाखवणारी बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन ही तपासणीही करा.

भोसरी_यार्ड:
कांडी डब्यात बंद केली. कामगारांच्या कपड्यांचं काय?

नेफ्रॉन:
झटकू नका. पिशवीत घालून नावं लिहा, त्यांवरून रेडिएशन मीटर फिरवून तपासेपर्यंत घरी न्यायचे नाहीत.