चर्चच्या सुरक्षेची पाहणी: सुरुवात कुठून करू?

नवा_पंच: यंदा पंच कमिटीवर आलो आणि चर्चच्या सुरक्षेची पाहणी माझ्याकडे आली. काल दुपारी वही घेऊन एकटाच आत फिरलो. आग विझवायचे दोन सिलिंडर सापडले, एकाचा काटा लाल पट्ट्यात. बाजूच्या दाराला आतून कुलूप आणि पुढ्यात जादा खुर्च्यांची चळत. किल्ली कोणाकडे, हे कोणालाच सांगता येईना. नाताळला तर माणसं मधल्या वाटेतही बसतात. आग, चोरी, हल्ला, मुलं, सगळंच डोक्यात येतंय. ही पाहणी नक्की कशी करतात?

जुना_वायरमन: रिकाम्या चर्चमध्ये फिरून अर्धंच कळतं. रविवारी उपासना सुटताना मागे उभे राहा. बहुतेक माणसं आली त्याच दाराने बाहेर जातात, बाजूचं उघडं असलं तरी. तुमचं तर बंदच आहे! दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा. 8 डिसेंबर 1863 रोजी चिलीच्या सांतियागोत खचाखच भरलेल्या चर्चला आग लागली. दारं आत उघडणारी, त्यांवर गर्दी रेटली गेली आणि ती उघडेनात. दोन हजारांवर माणसं गेली. आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वही राहू द्या, आधी ते कुलूप काढा.

मग साउंडच्या टेबलामागे वाका. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेलं दिसेल. उपासना संपल्यावर प्लगला हात लावा. गरम लागला तर त्या सॉकेटवर लोड जास्त आहे किंवा जोड ढिला आहे. सतरंजीखालून गेलेली वायर दिसली तर तिथून हलवा. आणि शेवटची मेणबत्ती कोण विझवणार, त्याचं नाव ठरवा. ‘कोणीतरी विझवेल’ यावर सोडू नका.

रविवारची_ताई: मुलांच्या वर्गात मोठं माणूस एकटं नको, कायम दोघं. मूल जो सोडून गेला त्याच्याच हाती परत. अर्पण मोजायला एकाच घरातले दोघं नकोत.

हल्ल्याबद्दल मनापासून सांगते. 17 जून 2015 रोजी अमेरिकेत चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना मारलं. मारेकरी आधी तासभर त्यांच्यातच बसला होता. म्हणून दार बंद करा असं मी म्हणणार नाही, आलेल्याला बसायला जागा द्यायलाच हवी. पण पोलिसांना फोन कोण करणार, मुलांना कुठल्या दाराने काढणार, हे आधी ठरलेलं हवं.

घंटेखाली: ताईंचं पटलं. 15 एप्रिल 2019 ला पॅरिसच्या नोत्र दामला अलार्म वेळेवर वाजला, पण रखवालदार चुकीच्या माळ्यावर गेला आणि जवळपास अर्धा तास हातचा गेला. तुमचा अलार्म वाजला तर कुठे बघायचं, हे किती जणांना माहीत आहे?

नवा_पंच: किल्ली सापडली. वेदीमागच्या कपाटात, चिठ्ठी नसलेल्या जुडग्यात. दार आतच उघडतं. बाहेर दोन पायऱ्या, ना कठडा ना दिवा, आणि आमच्या निम्म्या आज्या काठी टेकत येतात. खुर्च्या आजच हलवल्या. दार फिरवून घ्यायला सुतार बुधवारी येतोय. तोवर उपासना चालू असेपर्यंत ते उघडंच राहील आणि मी तिथेच बसेन.